हिमालयातील ब्रह्मकमळ पाहायचे असेल तर : जागा, वेळ आणि ओळख

पावसाळ्यात रात्री उमलणारे आणि सकाळपर्यंत मिटून जाणारे जे पांढरे, सुगंधी फूल महाराष्ट्रातल्या बाल्कन्यांत आणि परसात ब्रह्मकमळ म्हणून पुजले जाते, ते मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील एका निवडुंगाचे आहे. या लेखाचा विषय असलेले ब्रह्मकमळ निराळे आहे. त्याचे शास्त्रीय नाव सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा असून ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे, दिवसाउजेडी फुलते आणि हिमालयात वृक्षरेषेच्या बऱ्याच वर, जिथे झाड नावाची गोष्ट उरत नाही, अशा खडकाळ कुरणांत वाढते. उत्तराखंडाचे ते राज्यपुष्प आहे आणि १९८२ मध्ये टपाल खात्याने हिमालयीन फुलांची जी तिकिटे काढली होती त्यांतही त्याचा समावेश होता.

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातून पुष्कळ मंडळी चमोली जिल्ह्यातील फुलांच्या दरीत जातात आणि त्यांतील बरेच जण ब्रह्मकमळ न पाहताच परततात. याचे कारण नशीब नव्हे. ते चुकीच्या उंचीवर शोधले जाते, एवढेच. म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः जागा आणि ओळख या दोन गोष्टींभोवती लिहिले आहे. प्रवासाचा तपशील त्यात गरजेपुरताच येईल, कारण तो इतरत्र सहज मिळतो.

कोठे आणि केव्हा

ब्रह्मकमळ साधारणपणे ३,७०० ते ४,६०० मीटर उंचीवर आढळते. काश्मीरपासून हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ, सिक्कीम आणि भूतानमार्गे नैर्ऋत्य चीनपर्यंत त्याचा पट्टा पसरलेला आहे. फुलांच्या दरीतील ज्या वाटेवरून सर्वसामान्य पर्यटक चालतात ती मात्र साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरवरून जाते. तिथे तेरडा, पोटेंटिला, जिरेनियम आणि नदीकाठची गुलाबी एपिलोबियम यांची रेलचेल असते. ब्रह्मकमळाची उंची मात्र अजून आलेली नसते. दरीच्या वरच्या उतारांवर ते आहे, पण तिथवर जाण्याची परवानगी आणि वेळ दोन्ही पर्यटकाजवळ नसतात, कारण राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करता येत नाही आणि दुपारनंतर परतावेच लागते.

त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने ब्रह्मकमळासाठी हेमकुंडाचा, म्हणजे शिखांचे तीर्थ असलेल्या जवळच्या सरोवराचा, रस्ता धरावा. फुलांची दरी आणि हेमकुंड या दोन्हींसाठी मुक्कामाचे गाव एकच, ते म्हणजे सुमारे ३,०५० मीटरवरील घांघरिया. तिथून हेमकुंड सहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्या अंतरात हजार मीटरहून अधिक चढ आहे. सरोवर चार हजार मीटरच्या वर असल्यामुळे ही वाट भोजपत्राच्या जंगलातून निघून, ते मागे टाकून, नेमकी ब्रह्मकमळाच्या पट्ट्यात शिरते. हिमालयात हे फूल इतक्या रुळलेल्या, दगडांनी बांधलेल्या वाटेवरून पाहता येईल अशा जागा फार थोड्या आहेत.

काळाचा हिशेब असा. जुलैच्या पूर्वार्धात पाने आलेली असतात, पण फुलाचा भाग हिरवट आणि घट्ट मिटलेला असतो. जुलैअखेर तो फिका पिवळा होऊ लागतो. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा मानावा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात कडा तपकिरी पडू लागतात आणि ऑक्टोबरात वाळलेला सांगाडा तेवढा उरतो. फुलांच्या दरीचा ऐन बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. तेव्हा दोन्ही एकाच फेरीत साधायचे असेल तर ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा निवडावा. या दिवसांत पाऊस नक्की असतो आणि ऋषिकेश ते ज्योतिर्मठ, म्हणजे पूर्वीचे जोशीमठ, या रस्त्यावर दरडी कोसळून वाहतूक खोळंबणे हेही नेहमीचेच असते. परतीच्या गाडीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवले नाहीत तर त्याचा ताण सगळ्या सहलीवर येतो.

ओळखायचे कसे

कासच्या पठारावर जाऊन आलेल्या माणसाची नजर फुलांचे गालिचे शोधते. ब्रह्मकमळ गालिचा करत नाही. ते एकेकटे किंवा पाच-दहाच्या विरळ गटाने, दगडांच्या फटीत, ओघळाच्या कडेला, जिथे वितळत्या बर्फाचे वा पावसाचे पाणी सतत झिरपते पण साचत नाही, अशा उतारावर उभे असते. म्हणून सपाट हिरवळीवर नजर फिरवण्यात वेळ घालवू नये. मोठे धोंडे, त्यांच्यामधली ओलसर काळी माती आणि जवळपास पाण्याचा आवाज, असा उतार दिसला की तिथे थांबून सावकाश पाहावे. ढगाळ हवेत फिकट रंगाचे फूल करड्या दगडांत मिसळून जाते आणि पहिले दिसेपर्यंत बराच वेळ जातो. एकदा डोळा सरावला की त्याच उतारावर आणखी दिसू लागतात.

वनस्पतीची उंची साधारण वीतभर ते दोन फूट. जमिनीलगत लांबट पानांचा झुबका असतो. पानांच्या कडा बारीक दातेरी असतात आणि देठाला दोन्ही बाजूंनी अरुंद पंखासारखी किनार असते. मधून एकच ताठ, न फांदलेला दांडा वर येतो. दांड्यावरची पाने देठरहित असून दांड्याला अर्धवट वेढून बसतात, आणि जसजसे वर जावे तसतशी ती रुंद, पातळ व फिकट होत जातात. सर्वांत वरची पाने हिरवा रंग जवळजवळ सोडून देतात, कागदासारखी पारदर्शक होतात आणि नावेच्या आकारात वळून एकमेकांवर झुकतात. ज्याला आपण ब्रह्मकमळाच्या पाकळ्या समजतो त्या याच आहेत. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत त्या पाकळ्या नसून छदे आहेत.

खरी फुले आत असतात. छदांच्या आवरणात जांभळ्या रंगाचे काही गोलसर स्तबक दाटीने बसलेले असतात आणि त्यांतील प्रत्येक स्तबक हा अनेक नळीदार पुष्पकांचा समूह असतो. सूर्यफुलात कडेला ज्या पिवळ्या जिभांसारख्या पाकळ्या दिसतात त्या इथे मुळीच नसतात. म्हणजे फिकट पिवळे पारदर्शक आवरण, आत जांभळट-काळसर स्तबकांचा गुच्छ आणि खाली दातेरी पाने या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर ओळख पक्की झाली. वासही एक खूण आहे. तो गोड नसून उग्र असतो. घरच्या ब्रह्मकमळाच्या सुगंधाची अपेक्षा ठेवून गेलेल्यांना तो मुळीच आवडत नाही.

या आवरणाचे काम समजून घेतले तर ते कुठे आणि का सापडते हेही नीट कळते. चार हजार मीटरवर पावसाळ्यात दिवसाही हवा गार असते, पाऊस जवळजवळ रोज पडतो आणि ऊन पडले की त्यातील अतिनील किरण सखल भागापेक्षा बरेच तीव्र असतात. पातळ छदे उजेड आत येऊ देतात पण वारा अडवतात, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते. परागकण पावसाने भिजले तर निकामी होतात. छदांचे छप्पर त्यांना कोरडे ठेवते. थंडीतही उडू शकणारे केसाळ मोठे भुंगे वरच्या फटीतून आत शिरतात आणि परागीभवन करतात. हिमालयातील एका मोठ्या चुक्यानेही, म्हणजे रिअम नोबिले या वनस्पतीने, अगदी याच पद्धतीने अर्धपारदर्शक पानांचा मनोरा उभारलेला आहे, आणि तिचा ब्रह्मकमळाशी जवळचा संबंध नाही. एकाच अडचणीवर दोन वेगळ्या कुळांनी एकच तोडगा काढल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच पाहायला मिळते.

गोंधळ होण्यासारख्या वनस्पती थोड्या आहेत. याच प्रजातीतील फेनकमळ आणि कस्तूराकमळ ही ब्रह्मकमळाहूनही वर, दगडांच्या राशींत वाढतात. त्यांचे सगळे अंग पांढऱ्या लोकरीने झाकलेले असते आणि पारदर्शक छदे त्यांना नसतात, त्यामुळे दिसताच फरक कळतो. हेमकुंडाच्या वाटेवर खडकांच्या आडोशाला काटेरी केसांची, निळ्या पाकळ्यांची मेकोनॉप्सिस अॅक्युलिएटा, म्हणजे निळी अफू, भेटते. तिचा बहर ब्रह्मकमळाच्या थोडा आधी ओसरतो. ती दिसली की आपण योग्य उंचीकडे चाललो आहोत असे समजायला हरकत नाही.

हेमकुंडाचा दिवस

गोविंदघाटापर्यंत मोटार जाते, पुढे पुलना गावापर्यंत स्थानिक जीप असतात आणि तिथून घांघरिया साधारण दहा किलोमीटर चालत किंवा खेचरावर गाठावे लागते. हेमकुंड यात्रेची नोंदणी उत्तराखंड शासनाच्या संकेतस्थळावर निघण्यापूर्वीच करून ठेवावी. घांघरियाला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हेमकुंडाचा चढ सुरू करू नये. आधीचा दिवस फुलांच्या दरीत घालवावा. ती वाट कमी चढाची आहे आणि शरीराला विरळ हवेची सवय होण्यासाठी असा मधला दिवस अत्यंत उपयोगी पडतो. मुंबई किंवा कोकणासारख्या समुद्रसपाटीच्या प्रदेशातून तीन-चार दिवसांत थेट चार हजार मीटरवर जाणाऱ्यांनी हा क्रम मोडणे धोक्याचे आहे, मग सह्याद्रीतले कितीही गड पायाखाली घातलेले असोत. डोके ठणकणे, मळमळ, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही होऊ लागले तर थांबून वाट पाहू नये, खाली उतरावे. असिटाझोलामाइड हे औषध काही जण विरळ हवेचा हा त्रास होऊ नये म्हणून आधीच घेतात, परंतु ते घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, विशेषतः ज्यांना सल्फा औषधांची अॅलर्जी आहे त्यांनी.

पहाटे पाच-साडेपाचला घांघरिया सोडावे. दुपारी ढग चढतात आणि हेमकुंडावर मुक्कामाची सोय नाही. दुपारी दोनच्या सुमारास सर्वांना खाली उतरायला सांगितले जाते. म्हणजे दहा वाजेपर्यंत वर पोहोचले तरच फुलांसाठी मोकळा वेळ मिळतो. चालवत नसेल तर खेचर किंवा कंडी (हमालाच्या पाठीवरची बसायची टोपली) करता येते, मात्र शेवटचा टप्पा पायी करण्याइतकी ताकद राखून ठेवावी, कारण ब्रह्मकमळे तिथेच आहेत आणि खेचराच्या पाठीवरून ती पाहता येत नाहीत. वरच्या बाजूला वाट दोन प्रकारे जाते: वळणे घेत जाणारा लांब रस्ता आणि सरळ वर नेणाऱ्या शेकडो पायऱ्या. चढताना वळणाचा रस्ता घ्यावा. त्याने दमही कमी लागतो आणि दोन्ही बाजूंचे ओले उतारही नीट न्याहाळता येतात. या शेवटच्या किलोमीटर-दीड किलोमीटरमध्ये वाटेच्या वरच्या बाजूस पहिली ब्रह्मकमळे दिसू लागतात.

वर गेल्यावर गुरुद्वारात डोके झाकून जावे. तिथे लंगरात गरम खिचडी आणि चहा मिळतो, आणि त्या थंडीत त्याहून मोठी गोष्ट दुसरी नसते. शेजारीच लक्ष्मणाचे म्हणजे लोकपालाचे छोटे मंदिर आहे. त्यानंतर सरोवराच्या कडेकडेने, रुळलेल्या वाटेवर राहून, मागच्या खडकाळ उतारांकडे पाहावे.

कपड्यांविषयी एकच गोष्ट जोर देऊन सांगावीशी वाटते. सह्याद्रीत पावसात भिजत चालण्याची आपली हौस तिथे कामाची नाही. चार हजार मीटरवर भिजलेला सुती शर्ट आणि वारा यांच्या जोडीने अंगातली ऊब झपाट्याने जाते. चांगला रेनकोट, कोरडा ठेवलेला एक जादा थर, लोकरी टोपी व हातमोजे बरोबर असलेच पाहिजेत.

पाहणे आणि छायाचित्र काढणे

ब्रह्मकमळाचे छायाचित्र बहुतेक वेळा फसते ते उभ्याने, वरून खाली काढल्यामुळे. तसे काढले की छदांचा फिकट गोळा तेवढा दिसतो आणि आतला जांभळा रंग हरवतो. गुडघ्यावर बसून, फुलाच्या उंचीवर येऊन, फूल आपल्या आणि उजेडाच्या मध्ये ठेवावे. आकाशकंदिलाचा कागद आतल्या दिव्याने उजळावा तशी छदे उजळतात आणि आतील स्तबकांची सावली त्यांतून दिसते. धुके असेल तर ते अडचण मानू नये. प्रखर उन्हात फिकट छदे छायाचित्रात पांढरी फटक पडतात, धुक्यातल्या मऊ उजेडात त्यांच्या शिरासुद्धा उमटतात.

बसण्यापूर्वी खाली पाहावे. गुडघा दगडावर टेकवावा, हिरवळीवर नाही. वर्षातील जेमतेम चार-पाच महिने वाढीला मिळणाऱ्या त्या मातीत एक पायवाट उमटली तर ती भरून यायला कित्येक वर्षे जातात, आणि एकाच्या मागे दुसरा गेला की दरवर्षी तीच रुंदावते. आतले स्तबक पाहण्यासाठी छदे बोटांनी फाकवू नयेत. पूर्ण फुललेल्या रोपात ती वरून आपोआप थोडी उघडलेली असतात. मोबाइल वर धरून त्या फटीतून आतले चित्र घेता येते.

ओळख नंतर पडताळायची असेल तर चार छायाचित्रे घ्यावीत: संपूर्ण रोप परिसरासह, जमिनीलगतची पाने, दांड्याला पान जिथे जोडलेले आहे तो भाग आणि आतील स्तबक. नुसत्या छदांच्या चित्रावरून तज्ज्ञालाही मोजकेच सांगता येते.

तोडण्याविषयी

फुलांची दरी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २००५ मध्ये तिचा नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाबरोबर जागतिक वारशात समावेश झाला, आणि उद्यानातून कोणतीही वनस्पती काढणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायद्याची भीती हे कारण पुरेसे नाही, कारण हेमकुंडाच्या वाटेवर पहारेकरी प्रत्येक वळणावर नसतो. तोडण्यात काय जाते हे समजून घेतलेले बरे. ब्रह्मकमळाचा दांडा बहराच्या ऐन काळात, म्हणजे बी धरण्यापूर्वीच खुडला जातो, आणि त्यामुळे त्या रोपाचे त्या वर्षाचे सगळे बी बुडते. पुन्हा बी रुजले तरी फुलण्याइतके रोप एका हंगामात तयार होत नाही. भाविक मोठ्या संख्येने जातात अशा ठिकाणी दर रोपामागे एक हात पुढे झाला तरी उतार रिकामा होऊ शकतो.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो: केदारनाथ आणि बद्रीनाथ येथे ब्रह्मकमळ वाहिले जाते, मग आम्ही एक नेले तर काय बिघडले? नंदाष्टमीच्या, म्हणजे नंदादेवीच्या भाद्रपदातील उत्सवाच्या, सुमारास चमोलीतील काही गावांतून ठरलेली माणसे, अनवाणी आणि नेम पाळून, वरच्या बुग्यालांत जातात आणि देवीसाठी फुले आणतात. बुग्याल म्हणजे तिकडची उंचावरील कुरणे. या रिवाजात कोण जाणार, केव्हा जाणार आणि किती आणणार हे सगळे बांधलेले असते. बहर बराचसा सरत आल्यावर, वर्षातून एकदाच हात लावला जातो. पर्यटकाने पिशवीत घालून आणलेल्या आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात काळ्या पडलेल्या फुलाला या रिवाजाचा आधार देता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटेत कोणी फुले विकत असेल तर तीही घेऊ नयेत.

रोप किंवा बी आणून घरी लावण्याचा विचारही सोडावा. थंडीत महिनोन्‌महिने बर्फाखाली राहणे आणि उन्हाळ्यातही गार, ओली पण निचऱ्याची माती मिळणे या त्याच्या गरजा आहेत. पुणे, नाशिक तर सोडाच, महाबळेश्वरातही त्या भागणार नाहीत. ऑनलाइन दुकानांत ब्रह्मकमळ म्हणून जी रोपे येतात ती बहुधा निवडुंगाचीच असतात. तो निवडुंग पानासारख्या दिसणाऱ्या चपट्या खोडाच्या तुकड्यापासून सहज लागतो, त्यामुळे शेजाऱ्याकडे असेल तर त्यासाठी पैसे मोजायचीही गरज नाही.

हेमकुंड जमत नसेल तर

रूपकुंडाच्या वाटेवरील बेदनी बुग्यालच्या पुढचा भगवाबासा परिसर आणि केदारनाथच्या वरचा वासुकी ताल येथेही ब्रह्मकमळ मिळते, मात्र या वाटा बऱ्याच कठीण आहेत. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांत रात्री राहण्यास बंदी घातल्यापासून तिकडील पदभ्रमणाचे नियम बदललेले आहेत. म्हणून आयोजकाने सांगितले एवढ्यावर न विसंबता संबंधित वनविभागाकडून परवानगीची खात्री करून घ्यावी. तुंगनाथला जाणाऱ्यांना अनेकदा ब्रह्मकमळाचे आश्वासन दिले जाते. ते देऊळ या वनस्पतीच्या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला आहे, त्यामुळे तिथे केवळ तेवढ्यासाठी जाऊ नये.

परतल्यावर छायाचित्रे इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर तारीख आणि उंचीसह नोंदवावीत. कोणत्या वर्षी कोणत्या उंचीवर फूल कधी उमलले होते हे अशा नोंदी साठत गेल्या तरच तपासता येते. आयनॅचरलिस्टवर अचूक ठिकाण झाकून ठेवण्याची सोय आहे. रुळलेल्या वाटेपासून दूर सापडलेल्या रोपांसाठी ती जरूर वापरावी.